सगुण कोटकर, कोटाखाली, हळर्ण

हळर्ण
मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. भाग्यलक्ष्मी बाय हिस कृष्णनाथचे अनेक आशीर्वाद.

काल सकाळी मी न्हाऊन, परड्यातली अबोली काढून नेहमीसारखा देवळात गेलो. सोमवारची समई आपल्या घराकडे असते. वात सारखी केली, तेल घातलं, देवीला फुलं वाहिली, आणि प्रदक्षिणा घालून बाहेर आलो तर पायरीवर गोकुळदास बसलेला. देवस्थान समितीचा अध्यक्ष झाल्यापासून तो रोज सकाळी येतो, पण देवीकडे बघायच्या आधी कोण आलं, कोण नाही ते बघतो. त्याच्या मांडीवर तुझं पुस्तक होतं. 'दरवाजा'.

"कृष्णनाथा, तुज्या बापाशीचां नाव काय?" त्याने विचारलं.

"तुका म्हायत नाय?"

"माका म्हायत आसा. तुज्या तोंडातसून आयकूचां आसा."

"सगुण."

"आनी घर खंय?"

"कोटाखाली. थंयसर तू लहानपणी आंबे चोरूक येय हुतंस."

तो हसला नाही. त्याने पुस्तकात घडी घालून ठेवलेला वर्तमानपत्राचा कागद काढला. बाय, तो लेख भावोजींचा आहे. दत्तप्रसाद भावोजींनी लिहिलंय की 'दरवाजा'चा लेखक सगुण कोटकर हे टोपणनाव घेत असला, तरी हळर्णच्या किल्ल्याची पायवाट इतकी बारकाईने लिहिणारा माणूस कोटाखालच्याच घरातला असला पाहिजे. एवढ्यावरून गावाने मला धरलंय. सगुण कोटकरच्या नावाचं टपाल माझ्याकडे येतं हे पोस्टमननेही सांगितलं असणार.

गोकुळदासचा राग नाईकावरून आहे. तुला सांगायला नको, कोटाच्या दरवाजावर लढता लढता पडलेला नाईक हा त्यांच्या घराण्याचा मूळपुरुष. जत्रेची पालखी त्याच्या पाषाणापाशी थांबते, पहिला हार त्याला. आणि तुझ्या पुस्तकात त्या दिवशी नाईक दरवाजावर नाहीच. तो बायकोसाठी सुईण आणायला गेलाय आणि दरवाजा एका पाणी भरणाऱ्या बाईने धरलाय.

"तुया आमच्या पुर्वजाक बायलेच्या बाळंतपणात धाडलंस?" तो म्हणाला. "जत्रेआधी, अठरा तारखेच्या आयतारा गाव जमतलो. देवीसमोर नारळ ठेव आनी सांग, ह्यां मिया लिवलां आनी माजी चुकी जाली. नायतर दिवटी खाली ठेव."

मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. "देवीच्या पायरेर मिया वाद घालूचंय नाय," एवढं बोलून चपला घातल्या.

पालखीपुढची दिवटी धरायचा मान आपल्या घराचा आहे. बाबांच्या हातून ती माझ्या हातात आली. पण माझी अडचण दिवटीची नाही. नारळाची आहे.

हे पत्र नेहमीप्रमाणे डिचोलीच्या बसच्या बाबली कंडक्टरकडे पावाच्या पिशवीतून देतो. गौरवीच्या शिवणाच्या दुकानातून घे. फोन करत नाही. तुझा फोन भावोजींच्या मेजावर असतो. काय करायचं ते कळव.

तुझा दादा,
कृष्णनाथ


डिचोली
९ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

तुझं पत्र गौरवीने ब्लाउजच्या कापडात गुंडाळून दिलं. "ताई, ह्या पावाच्या पिशवीतून अजून एकदाही पाव निघाला नाही," म्हणाली. मी हसले.

लेखाचं मला ठाऊक होतं. ह्यांनी तो मलाच वाचून दाखवला. मी चवळी निवडत बसले होते. "काय गं, तुझ्या माहेरच्या बाजूला कोणी एवढा शहाणा आहे?" मी म्हटलं, "आमच्याकडे सगळे शहाणेच." ह्यांना तो विनोद वाटला.

दादा, नारळ ठेव.

तू भितोस गोकुळदासला, हे मला समजतं. गावात राहायचं, काजूच्या हंगामाला माणसं लागतात. म्हणूनच सांगते, एक वाक्य बोल आणि मोकळा हो. "मी लिहिलं, चूक झाली." 'चूक' म्हटल्याचं माझ्या मनाला लागणार नाही. पुस्तक छापून झालंय, ते आता कोणाच्या माफीने परत जात नाही. तुझ्या एका वाक्यात माझं घर वाचतं.

पहिल्या कादंबरीची सुरुवात मी ह्यांना दाखवली होती, आठवतं? शाळेतून आले होते, हातात तपासायचे पेपर होते. माझं पान त्याच लाल पेनने तपासलं. शेवटी लिहिलं, 'इतिहासाला हात लावण्यापूर्वी वाचन आवश्यक.' तोंडाने म्हणाले, "तू हळदीकुंकवाच्या गोष्टी लिही, त्या तुला जमतील." मारलं नाही, ओरडले नाहीत. तेवढ्यानेच माझा हात महिनोन्‌महिने उचलला नाही. मग मावसांचं, तुझ्या बाबांचं, नाव घेतलं आणि हात चालू लागला. आता चार पुस्तकं झाली. चारही ह्यांनी विकत आणली, पेन्सिल घेऊन वाचतात. तिसऱ्यावर तर 'या गृहस्थाला अभ्यास आहे' असं छापलं. ज्या दिवशी कळेल की तो गृहस्थ आमटीला फोडणी देतो, त्या दिवशी हे मला घराबाहेर काढणार नाहीत, दादा. ते माझी पानं पुन्हा तपासायला घेतील. मग मला लिहिता येणार नाही. पाचवी अर्धी झालीय.

ह्यांना तुमच्या सभेचं बोलावणं आलंय. जाणकार म्हणून. जाणार आहेत.

एक नारळ, दादा. तुझी बहीण मागते.

भाग्यलक्ष्मी


हळर्ण
रविवार, ११ फेब्रुवारी

चि. सौ. भाग्यलक्ष्मी बाय हिस आशीर्वाद.

मी गोकुळदासला भीत नाही. त्याला शाळेत बेरीज मीच दाखवायचो.

तू डिचोलीच्या बाजारात राहून विसरली असशील, म्हणून लिहितो. नारळ ठेवतात तेव्हा माणूस गावाशी बोलत नाही. गाव नुसतं ऐकायला उभं असतं. आपल्या शेजारच्या वाड्यावरचे दोघे भाऊ बांधाच्या वादात कोर्टात काय हवं ते बोलले, पण देवीसमोर नारळ ठेवायची वेळ आली तेव्हा धाकट्याने हात मागे घेतला आणि बांध सोडला. मी सातवी शिकलेला माणूस. माझ्याकडे श्रावणात पोथी वाचण्याइतपत अक्षर आहे आणि देवीसमोर खोटं न बोललेली जीभ आहे. तीही दिली तर समईत तेल घालताना मी तिच्याकडे बघू कसा?

तू म्हणशील, मग कौल लाव. लावला नाही. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे तो प्रश्न देवीला विचारायचा म्हणजे तिची परीक्षा घेतल्यासारखं होतं.

पण तुझं नावही मी सांगणार नाही. हे आधी ऐक, मग पुढचं वाच.

आजवर तुझे कागद मी प्रकाशकाकडे पोचवले, वाचले नाहीत. मोठ्या पुस्तकांत आपलं काय, असं वाटायचं. 'दरवाजा' मात्र गोकुळदासने हातात नाचवल्यावर घेऊन बसलो. काजूच्या बागेत, माकडं हाकत वाचलं. नाईक सुईण आणायला निघतो तिथे पोचलो आणि थांबलो. डोक्यावर कांबळ्याची खोळ, डावा गुडघा आखडलेला म्हणून उतरणीवर आडवा टाकलेला पाय, आणि कंदील स्वतःसाठी नाही, मागून येणाऱ्यासाठी मागे धरलेला. बाय, हा नाईक नव्हे. हे बाबा आहेत.

सिद्धेशच्या वेळी तू आमच्याकडे बाळंतपणाला होतीस आणि नदीला पूर होता. होडीवाला नको म्हणत असताना बाबा पलीकडून नर्सबाईंना घेऊन आले. ते तू अंथरुणावरून कसं पाहिलंस? मी दारात उभा होतो, मला इतकं दिसलं नाही.

मला एकच सांग. नाईकाचं हे कोणी तुला सांगितलेलं आहे, की तू रचलंस? गावासमोर उभं राहायचं तर मला ते माहीत पाहिजे. गेल्या आठवड्यात बागेत काम करायला कोणी आलं नाही. वाण्याने मात्र साखर दिली, पण पुडी बांधताना वर बघितलं नाही.

तू स्वतः येऊन सांगितलंस तर? नुसतं विचारतो. जबरदस्ती नाही.

कृष्णनाथ


डिचोली
१४ फेब्रुवारी २०२४

श्री. कृष्णनाथ परब यांस,
स. न. वि. वि.

आपण नात्याने माझ्या पत्नीचे मावसबंधू. ते नाते बाजूला ठेवून हे लिहीत आहे.

येत्या रविवारी मी आपल्या गावी येत आहे. तेथे सर्वांसमोर विचारण्यापेक्षा आधी खाजगीत विचारणे सभ्यपणाचे ठरेल. सगुण हे आपल्या वडिलांचे नाव. घर कोटाखाली. तथापि आपले शिक्षण पाहता ही चार पुस्तके आपल्या हातून झाली असतील असे मानणे मला जड जाते. यात आपला अवमान नाही. मी बत्तीस वर्षे मुलांचे निबंध तपासले. कोणते वाक्य कोणाचे ते मला ओळखता येते.

आपल्याआड कोणीतरी आहे. तो माणूस वाचलेला आहे, चिडलेला आहे, आणि बायकांच्या माजघरात त्याचा वावर कसा हे मला कोडे आहे. त्याने समोर यावे. मतभेद आहेत ते त्याच्याशी आहेत. गावाने आपल्याला पिडावे असे मला वाटत नाही. नाव कळवल्यास मी समितीशी बोलून आपला मान राखीन.

आपला,
दत्तप्रसाद


डिचोली
१६ फेब्रुवारी

दादा,

ह्यांनी तुला पत्र लिहिलं ते पोस्टात टाकायला माझ्याच हातात दिलं. पाकिटावरचं तुझं नाव वाचत मी पोस्टापर्यंत चालत गेले. टाकलं. न टाकून काय होणार होतं?

नाईकाचं विचारलंस. खरं सांगते. त्या दिवशी नाईक कुठे होता हे कोणालाच माहीत नाही. गोकुळदासलाही नाही, ह्यांनाही नाही. लहानपणी मावसा मला कोटावर घेऊन जायचे. एकदा मी विचारलं, "दरवाजावर एकटा नाईकच कसा होता? बाकीचे?" ते म्हणाले, "बाय, परत्येकाक घर आसताच मगो." एवढंच बोलले. पुढे सिद्धेशच्या वेळी त्यांना त्या पुरातून येताना पाहिलं. अंथरुणाशेजारचं जनेल उघडं होतं, त्यातून दिसत होतं. तेव्हा मनात आलं, आत्ता कोटावर शत्रू असता तरी हा माणूस आधी नर्सबाईंना घेऊन आला असता, आणि त्याला कोणी भित्रा म्हटलं असतं तर मी त्याचं तोंड फोडलं असतं. रचलं म्हण हवं तर.

म्हणून सुचतं ते सांगते. देवीसमोर म्हण, "हे माझ्या बापाने सांगितलेलं आहे." ते खोटं नाही. मग नारळही सुखरूप आणि मीही.

कारण आता दुसरीच भीती लागलीय. बाळंतपणाच्या प्रकरणात एक वाक्य आहे. ते मी कोणाला कधी सांगितलेलं नाही, फक्त ह्यांना. सिद्धेश झाला तेव्हा हे पणजीला व्याख्यान देत होते. पुराचं निमित्त झालं, दुसऱ्या दिवशी आले. त्या वेळी मी जे बोलले ते लिहिताना जसंच्या तसं कागदावर उतरलं. छापून आल्यावर वाचलं तेव्हा लक्षात आलं.

हे पुस्तक सावकाश वाचतात, लेखही सुरुवातीच्या पानांवरूनच लिहिला. खुणेची पट्टी रोज थोडी पुढे सरकते. मेज पुसताना मी ती बघते. अजून त्या प्रकरणाला पोचलेली नाही, पण फार दूरही नाही.

मी येणार नाही, दादा. माझ्याने होणार नाही. रागावू नकोस.

भाग्यलक्ष्मी


हळर्ण
सोमवार, १९ फेब्रुवारी

चि. सौ. भाग्यलक्ष्मी बाय हिस आशीर्वाद.

हे पत्र तुला मिळेपर्यंत भावोजींनी तुझ्याशी जे बोलायचं ते बोलून झालेलं असेल, किंवा नसेल. तरी जे घडलं ते सगळं लिहितो.

काल सकाळी मी दिवटी घासली. काजळी काढली, नवी चिंध्यांची गुंडाळी बांधली, आणि खांद्यावर घेऊनच सभेला गेलो. लोकांना वाटलं मी भांडायला आलोय. सभामंडपात पुरुष, बाहेर मांडवात बायका. भावोजींना खुर्ची दिली होती. हातात पुस्तक, त्यात पेन्सिल.

गोकुळदासने माझ्या हातात नारळ दिला. "बोल."

तू सुचवलेलं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ते खरंच होतं. पण देवीसमोर उभा राहिलो आणि वाटलं, हे बोललो तर ह्या पुस्तकात बाबा राहतील, नाईक राहील, मी राहीन. तू कुठेच नाहीस. मग म्हटलं, "पुस्तक मी लिहिलेलं नाही. कोणी लिहिलं ते मला माहीत आहे. नाव मी सांगणार नाही. आणि त्या पुस्तकात नाईकाचा अपमान मला तरी दिसला नाही."

एकच कल्लोळ झाला. मागून कोणीतरी ओरडलं, "नाव सांगी नाय तर हेका काजूच्या झाडाक बांदा!" दुसरा म्हणाला, "बांदलास तर मग माकडां कोण हाकतलो?" थोडे हसले, त्यामुळे जरा हवा खेळली. गोकुळदास मात्र लालबुंद. "अपमान दिसाक नाय? मास्तर, वाचून दाखवा तां बाळंतपण. आयकांदेत सगळे."

भावोजी उठले. चष्मा लावला. खुणेची पट्टी होती त्याच्या पुढे दोन-तीन पानं उलटली आणि वाचू लागले. शाळेत वाचावं तसं, खणखणीत. नाईकाची बायको कळा देतेय, सुईण आलेली नाही, नवरा गेलेला परतलेला नाही. बायका मांडवातून पुढे सरकल्या. कोणी हसेल म्हणून गोकुळदास इकडेतिकडे बघत होता. कोणी हसलं नाही.

मग ते आलं. "तिने डोळे मिटले नाहीत. आढ्याजवळ छपराचा एक नळा फुटला होता. त्यातून हाताएवढं आभाळ दिसत होतं. तिने मनाशी ठरवलं, हे आभाळ काळं व्हायच्या आत तो आला..."

भावोजी थांबले.

मला वाटलं ओळ चुकली. लोकांना वाटलं ठसका लागला. त्यांनी पुढची ओळ वाचली, पण मनात. ओठ हलले, आवाज आला नाही. पुस्तक मिटलं नाही, खालीही ठेवलं नाही. फक्त चष्मा काढला. मग माझ्याकडे बघितलं. बाय, त्या नजरेत राग होता की काय होतं मला सांगता येणार नाही. शाळेत गुरुजींनी अचानक प्रश्न विचारल्यावर पोर बघतं, तसं बघितलं.

"मास्तर, म्होरे वाचा," गोकुळदास म्हणाला.

"पुढे तुम्ही घरी वाचा," ते म्हणाले. "मला लेखकाला काही विचारायचं नाही." आणि खाली बसले. पाणी मागितलं, ते हातातच राहिलं.

दुसऱ्या कोणाला काही कळलं नाही. गोकुळदासला आपली बाजू उघडी पडल्यासारखं झालं आणि तो माझ्यावर उलटला. "मगे दिवटी ठेव!"

मी ती देवीच्या उजव्या खांबाला टेकवून ठेवली. बाबांची आठवण झाली. हात मोकळा झाला तो कुठे ठेवावा कळेना. नारळ दुसऱ्या हातात तसाच होता. गोकुळदासने तो परत मागितला नाही, मी दिलाही नाही. आत्ता तो आमच्या फळीवर आहे. ज्या कामासाठी दिला ते झालं नाही. घरात वापरता येत नाही, परतही करता येत नाही.

भावोजी गाडीत बसताना मी जवळ गेलो. "चहा?" म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग काच खाली करून विचारलं, "तुमच्या त्या खोलीचा नळा नंतर बदलला का हो?"

म्हटलं, "बदलला."

ते गेले.

तुझी काळजी वाटते. एक ओळ तरी पाठव.

कृष्णनाथ


डिचोली
२७ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

उशीर झाला. ओळ पाठवायची तर काय पाठवायची हेच इतके दिवस ठरत नव्हतं.

त्या दिवशी हे आले, हातपाय धुतले, जेवले. कढी पुन्हा मागितली. मी ताटाकडे बघत होते. जेवून उठले आणि पुस्तक मेजावर ठेवून बाहेरच्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. बोलणं दूध, वीजबिल, सिद्धेशचा फोन एवढ्यापुरतं. पुस्तक मात्र रोज वाचत होते. पट्टी पुढे जात होती. हे बाहेर गेले की मी उघडून बघायची. त्या पानापर्यंत समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत. 'पुरावा?', 'अतिशयोक्ती', 'तोफेचे वजन चूक'. त्या पानानंतर एकही खूण नाही. दादा, मला त्या खुणा चालल्या असत्या. कोऱ्या समासाची भीती वाटली.

काल सकाळी मी भाकऱ्या थापत होते. हे दारात येऊन उभे राहिले. स्वयंपाकघराच्या दारात हे कधी उभे राहत नाहीत.

"ती पुढे त्याला क्षमा करते का?" विचारलं.

मी म्हटलं, "शेवटचं पान वाचा."

"वाचलं. तिथे नाही."

"मग मलाही अजून माहीत नाही."

भाकरी करपली. ती मी उलटली. हे तिथेच उभे. मग म्हणाले, "तोफेचं वजन चूक आहे, ते खरंच चूक आहे." मी म्हटलं, "पुढल्या आवृत्तीत बदलीन." बदलीन, असं म्हणाले मी. तोंडातून निघून गेलं. ह्यांनी ऐकलं. मान हलवली आणि बाहेर गेले. ही तहाची बोलणी आहेत की लढाईची, मला सांगता येत नाही. पण संध्याकाळी माझा फोन माझ्या उशाशी आणून ठेवलेला होता.

तू दिवटी ठेवलीस हे वाचून मी गौरवीच्या दुकानात, शिवणाच्या मशीनमागे बसून रडले. तिने कारण विचारलं नाही. फक्त मशीन चालू ठेवलं, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

आता ऐक. मी जत्रेला येणार. पालखी नाईकाच्या पाषाणापाशी थांबेल तेव्हा गावाला मी सांगणार. मी, माझ्या तोंडाने. हे बरोबर येतील की नाही विचारलेलं नाही. पाचव्या पुस्तकावर कोणतं नाव घालायचं ते ठरलेलं नाही. मावसांचं नाव सोडायचं जिवावर येतं. तोपर्यंत गावात कोणालाही काही सांगू नकोस. ते काम माझं.

पण तो नारळ तुझ्या फळीवर आहे, तो तुझा आणि देवीचा प्रश्न आहे. त्यात मी बोलत नाही.

भाग्यलक्ष्मी


हळर्ण
सोमवार, ४ मार्च

चि. सौ. भाग्यलक्ष्मी बाय हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी तो नारळ फळीवरून काढून हलवून बघितला. पाणी आहे. एवढ्या दिवसांत आटलं असेल असं वाटलं होतं.

आज सोमवार. समई लावली. दिवटी अजून त्या खांबालाच टेकलेली आहे. मान दुसऱ्या घराला द्यायचा तर देवीचा कौल घ्यावा लागतो, आणि तो लावायला गोकुळदास धजत नाही असं दिसतं. तिच्यावर धूळ बसली होती ती पुसली. उचलली नाही. ती मी ठेवलेली आहे, परत घ्यायची तर गाव देईल तेव्हा. नाही दिली तर तशीच.

गाभाऱ्यात मी एकटाच होतो. नारळ देवीसमोर ठेवला. गावाने मला विचारलं होतं की हे पुस्तक कोणी लिहिलं, आणि देवीसमोर नारळ ठेवून सांग. तेच केलं. हात जोडून म्हटलं, "आई, हे पुस्तक भाग्यलक्ष्मीने लिहिलं. सगुणाच्या मेहुणीची लेक, डिचोलीला दिलेली. आधीची तीनही तिचीच. पाचवं चालू आहे. तिचा हात चालता ठेव, आणि त्या घरात जे मोडलंय की जुळतंय ते तुझं तू बघ." गाऱ्हाणं घालतात तसं मोठ्याने बोललो. एवढी वर्षं तुझे कागद नेले-आणले, पण 'भाग्यलक्ष्मीने लिहिलं' हे दोन शब्द मी तोंडाने कधी उच्चारले नव्हते. उच्चारल्यावर कळलं.

बाहेर आलो तर गोकुळदास पायऱ्या चढत होता. त्याने काही ऐकलेलं नव्हतं. घंटेला हात लावून, आत वाकून नारळाकडे बघितलं.

"कोणाच्या नावाचो?"

"माज्या भयणीच्या."

"कित्याक? तिका काय जाला?"

"काय नाय. ती जत्रेक येतली."

तो म्हणाला, "येवंदे. माहेरची जत्रा ती." मी नारळ फोडला. पाणी गोड होतं. एक कवड त्याच्या हातावर ठेवली, त्याने ती कपाळाला लावून घेतली, आणि दुसरी तुझ्यासाठी ह्या पिशवीत घातली आहे.

तुझा दादा,
कृष्णनाथ